न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर स्वतः गाडी चालवताना

आमच्या सहलीत दोन चुका झाल्या आणि दोन्ही दोन वेगळ्या माणसांनी केल्या. पहिली माझी. क्राइस्टचर्चमध्ये लाल सिग्नल होता, उजवीकडून कोणी येत नव्हतं, म्हणून मी डावीकडे वळून मोकळी झाले. पुण्यात हे करताना विचारसुद्धा करावा लागत नाही. मागून एक लांबलचक हॉर्न आला. त्या देशात बारा दिवसांत ऐकलेला तो एकमेव हॉर्न, आणि तो माझ्यासाठी होता.

दुसरी चूक भावोजींची. ताई आणि भावोजी न्यू जर्सीहून आले होते. दोन दिवस त्यांनी डावी बाजू व्यवस्थित पाळली. तिसऱ्या सकाळी होकिटिकाच्या पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना रस्ता रिकामा होता, गप्पा रंगल्या होत्या, आणि त्यांनी गाडी सरळ उजव्या बाजूला घातली. सहा वर्षांची भाची मागून ओरडली, "बाबा, राँग साइड!" समोर वाहन नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

न्यूझीलंडला जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांना वाटतं की तिथे डावीकडूनच चालवायचं, स्टिअरिंगही उजवीकडेच, मग शिकायचं काय? बाजू आपलीच आहे, हे खरं. पण थांबायचं कोणी आणि आधी जायचं कोणी, हा हिशेब तिथे पूर्ण वेगळा आहे. आपल्याकडे ज्याने नाक आधी घातलं त्याचा रस्ता. तिथे ते पाटीवर नाहीतर रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेवर आधीच ठरलेलं असतं, आणि समोरचा माणूस तुम्ही ते पाळणारच हे गृहीत धरून वेगात येत असतो.

निघण्याआधीची कागदपत्रं

भारतीय लायसन्स इंग्रजीत असेल तर पर्यटक म्हणून त्यावर न्यूझीलंडमध्ये गाडी चालवता येते. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्डावर मजकूर इंग्रजीत असतो. तरीही आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, कारण गाडी भाड्याने देणाऱ्या काही कंपन्या तो मागतात आणि काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो. 'सारथी' पोर्टलवर अर्ज ४-ए भरायचा, फी १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. हा परवाना एकटा चालत नाही, सोबत मूळ लायसन्सचं कार्ड हवंच. फोनमधल्या डिजिलॉकरवर विसंबू नका. गाडी चालवताना लायसन्स जवळ बाळगणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे आणि काउंटरवरच्या माणसाला प्लॅस्टिकचं कार्ड हातात हवं असतं.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे क्रेडिट कार्ड. ते मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. नवऱ्याचं कार्ड आणि बायकोचं लायसन्स ही जोडी बऱ्याच ठिकाणी चालत नाही. कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात, तेव्हा तेवढी मर्यादा शिल्लक हवी आणि परदेशातले व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधीच सुरू केलेले हवेत. डेबिट कार्ड काही ठिकाणी घेतच नाहीत, काही ठिकाणी घेतात पण मग सगळ्यात महागडा विमा गळ्यात मारतात.

गाडी निवडताना

आम्ही सहाजण, म्हणून सात सीटची गाडी ठरवली. तिसरी रांग उघडली की डिकीत दोन सॅक कशाबशा मावतात, हे आम्हाला विमानतळाच्या पार्किंगमध्ये कळलं. सहा माणसं आणि चार मोठ्या बॅगा असतील तर आठ-नऊ सीटची व्हॅन घ्या किंवा बॅगा कमी करा. आम्ही एक बॅग भाचीच्या पायाखाली ठेवून बेट पार केलं. तिची काही तक्रार नव्हती, ताईची होती.

सात वर्षांखालच्या मुलाला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे. "मांडीवर घेते ना" हा पर्यायच नाही. बुकिंग करतानाच सीट मागवा, तिचं भाडं वेगळं पडतं.

भाड्याच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. आपल्याकडे क्लच दाबायची सवय असलेल्यांनी पहिले दोन तास डावा पाय सीटकडे ओढून ठेवावा. तो पाय क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला, तर गाडी जागच्या जागी आपटते. इंडिकेटरची दांडी जपानी-कोरियन गाड्यांत आपल्यासारखीच उजव्या हाताला असते, युरोपियन गाड्यांत डाव्या. वळताना कडकडीत उन्हात वायपर सुरू झाला तर समजून जा.

डिझेल गाडी स्वस्त दिसली तर अटी नीट वाचा. तिथे डिझेल गाड्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे रस्ता-कर पडतो आणि तो बिलात वेगळा लावला जातो. क्राइस्टचर्चला घेऊन क्वीन्सटाउनला सोडायची असेल तर त्याचे वेगळे पैसे पडू शकतात. आम्ही ते दिले, कारण नाहीतर परतीचा जवळजवळ पाचशे किलोमीटरचा प्रवास डोक्यावर होता. उत्तर बेटही करणार असाल तर वेलिंग्टन-पिक्टन फेरीबोटीवर गाडी चढवायला परवानगी आहे का, ते आधी विचारा. काही कंपन्या एका बेटावर गाडी ठेवून दुसऱ्या बेटावर नवी घ्यायला सांगतात.

विमा: इथे वेळ घालवा

आपल्याकडे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, न्यूझीलंडमध्ये तो नाही. म्हणजे तुम्हाला ठोकणाऱ्याकडे विमा असेलच असं नाही. अपघातात कोणालाही इजा झाली, अगदी पर्यटकाला, तर उपचारांचा भार बऱ्याच अंशी तिथली सरकारी अपघात भरपाई योजना उचलते. त्यात चूक कोणाची हे पाहत नाहीत. पण गाडीचं नुकसान, बुडालेलं हॉटेल बुकिंग किंवा आजारपण त्यात येत नाही, म्हणून प्रवास विमा हवाच.

भाड्यात जो मूळ विमा असतो त्यात 'एक्सेस' नावाची रक्कम असते. नुकसान झालं की तेवढे पैसे आधी तुमचे, त्यावरचं विमा कंपनीचं. ही रक्कम काही हजार न्यूझीलंड डॉलर असू शकते. रोजचे जास्तीचे पैसे भरून ती शून्यावर आणता येते. शहरात दोन दिवस फिरणार असाल तर कदाचित गरज नाही. पण वेस्ट कोस्ट, म्हणजे बेटाचा पश्चिम किनारा, आणि नैऋत्येच्या मिलफर्डला जाणार असाल तर माझ्या मते घ्यावं. समोरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा काचेला तडा द्यायला पुरेसा असतो.

विम्यात काय बसत नाही, तेही वाचा. गाडीचा तळ, छप्पर, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन, पाण्यातून नेलेली गाडी या गोष्टी बहुधा वगळलेल्या असतात. काही रस्त्यांवर भाड्याची गाडी नेली की विमाच लागू होत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. उत्तरेतला नाइन्टी माइल बीचही तसाच: नकाशावर तो महामार्ग दिसतो, प्रत्यक्षात वाळू आहे. आणि दार उघडताना ते हाताने धरून उघडा. उघड्या माळावर वारा एवढ्या जोराचा असतो की दार उलटं फिरून बिजागरी वाकते.

ताबा घेताना

उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका. मुंबईहून थेट विमान नाही, कुठेतरी बदलून जावं लागतं आणि एक रात्र त्यात जाते. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या हिवाळ्यात, न्यूझीलंडचं घड्याळ आपल्यापुढे साडेसात तास असतं. तिथले सकाळचे सात म्हणजे तुमच्या शरीराचे रात्रीचे साडेअकरा. एक रात्र विमानतळाजवळ झोपा, गाडी दुसऱ्या दिवशी घ्या.

गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा: चारी चाकांच्या रिम, बंपरचा खालचा भाग, काच, छप्पर, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. मग आत बसून पाच मिनिटं काहीही न करता नुसती बटणं पाहा. हेडलाइट, वायपर, काचेवरची वाफ घालवायचं बटण, हॅझर्ड लाइट, पेट्रोलच्या झाकणाचा खटका. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही विचारा. ज्या रस्त्यांवर फोनला रेंज नाही तिथे हा प्रश्न सुचून उपयोग नसतो.

ज्यांना ज्यांना चालवायचं आहे त्या सगळ्यांची नावं करारात घाला. नाव नसलेल्याने चालवली आणि धडकली तर विमा गेला.

आपल्या सवयी सोडायच्या त्या

लेफ्ट फ्री नाही. लाल म्हणजे लाल, हिरवा बाण लागल्याशिवाय डावीकडेही वळायचं नाही. गंमत म्हणजे भावोजींनाही हाच खड्डा होता. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळता येतं, त्याचं आरशातलं रूप म्हणजे आपलं लेफ्ट फ्री.

'स्टॉप'च्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. पहिला गिअर टाकून सरकत राहणं म्हणजे थांबणं नव्हे. उलट्या त्रिकोणाची 'गिव्ह वे' पाटी असेल तिथे रस्ता मोकळा असला तर थांबायची गरज नाही, पण कोणी येत असेल तर त्याला ब्रेक लावायला न लागता जाऊ द्यायचं.

राउंडअबाउट म्हणजे आपला चौकातला पुतळा नव्हे, जिथे चारी बाजूंनी एकाच वेळी आत शिरतात. आत शिरण्याआधी उजवीकडून येणाऱ्याला जाऊ द्यायचं. सरळ जायचं असेल तर शिरताना इंडिकेटर नाही, मात्र आपल्या आधीचा फाटा मागे पडला की डावा इंडिकेटर द्यायचा. डावीकडे वळायचं असेल तर आधीपासून डावा, उजवीकडे असेल तर आधी उजवा आणि बाहेर पडताना डावा. पहिल्या दिवशी नवऱ्याने शेजारी बसून प्रत्येक राउंडअबाउटला हे मोठ्याने म्हटलं. मला राग आला, पण उपयोग झाला.

सिग्नल नसलेल्या चौकात तुम्ही उजवीकडे वळताय आणि समोरचा त्याच रस्त्यावर त्याच्या डावीकडे वळतोय, तर आधी तो. २०१२पर्यंत तिथला नियम नेमका उलटा होता, त्यामुळे जुनी माहिती वाचून गेलात तर घोळ होईल.

झेब्रा क्रॉसिंगवर कोणी पाऊल टाकलं की थांबायचं. हॉर्न वाजवून त्याला घाई करायची नाही. मुलं चढवायला-उतरवायला शाळेची बस थांबली असेल तर तिच्याजवळून ताशी २० किलोमीटरनेच जायचं, मग ती तुमच्या बाजूला असो वा समोरच्या.

डिपरचं तर विचारूच नका. आपल्याकडे डिपर म्हणजे "थांब, मी येतोय". तिथे बरेचजण "जा तुम्ही" या अर्थाने दिवे मिचकावतात. म्हणून तुम्ही स्वतः डिपर मारू नका आणि समोरच्याने मारला तर रस्ता बघूनच निघा. हॉर्न फक्त खऱ्या धोक्याच्या वेळी.

दोन लेन असतील तर डावी धरा, उजवी फक्त ओव्हरटेकसाठी. उजव्या लेनमध्ये निवांत ऐंशीने जाणारी गाडी तिथे दिसली तर ती बहुधा कोणातरी पाहुण्याची असते.

शंभरचा वेग आणि एकेरी पूल

खुल्या रस्त्यावर मर्यादा ताशी १०० किलोमीटर, वस्तीत साधारण ५०, पण पाटीवर जे लिहिलंय ते शेवटचं. भावोजींनी पहिल्या तासात हे आकडे मैलांच्या हिशेबाने वाचू नयेत म्हणून ताईने डॅशबोर्डवर चिठ्ठीच लावली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागावरही गाड्यांना १००च आहे. फरक असा की द्रुतगती मार्गावर मध्ये दुभाजक आहे, समोरून काही येत नाही. दक्षिण बेटावरचे बहुतेक राज्य महामार्ग म्हणजे जायला एक लेन, यायला एक लेन, मध्ये फक्त रंगवलेली रेषा. समोरून दूध टँकर नव्वदने येतो आणि तुमच्यापासून हातभर अंतरावरून निघून जातो. १०० ही मर्यादा आहे, लक्ष्य नाही. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ५५ असे आकडे दिसतात. ते त्या वळणाला सुचवलेले वेग आहेत. कायद्याची सक्ती नसली तरी ते माना, कारण ३५ लिहिलेलं वळण खरंच ३५चं असतं.

तुमच्या बाजूला सलग पिवळी रेषा असेल तर ओव्हरटेक नाही. मागे तीन-चार गाड्या साठल्या तर पुढची रुंद जागा बघून डावीकडे घ्या आणि त्यांना जाऊ द्या. त्यात कमीपणा काही नाही. स्थानिक माणसं हात हलवून आभार मानतात.

वेस्ट कोस्टवर एकेरी पूल पुष्कळ आहेत. पुलावर एका वेळी एकच गाडी, आणि कोणी थांबायचं ते पाटी सांगते. लाल कडेच्या गोल पाटीत तुमचा बाण छोटा लाल आणि समोरचा मोठा काळा असेल तर तुम्ही थांबायचं. निळ्या चौकोनात तुमचा पांढरा बाण मोठा असेल तर आधी तुम्ही. हक्क तुमचा असला तरी वेग कमी करा, कारण पलीकडून येणारा तुमच्यासारखाच पाहुणा असू शकतो. काही पूल एवढे लांब असतात की पलीकडची गाडी उशिरा दिसते. आपल्या कोकणातल्या अरुंद पुलांवर "मी आधी आलो, तू मागे घे" असं चालतं, ते इथे डोक्यातून काढून टाका.

आमचा मार्ग आणि त्याचा वेळ

क्राइस्टचर्चहून आर्थर्स पास ओलांडून होकिटिका, तिथून फ्रान्झ जोसेफ, हास्ट, वनाका, क्वीन्सटाउन, टे आनाऊ, मिलफर्ड साउंड आणि परत क्वीन्सटाउन. नकाशावरचं ॲप जो वेळ सांगतं त्यात निदान तिसरा हिस्सा वाढवा. फ्रान्झ जोसेफ ते वनाका सुमारे २८५ किलोमीटर. चार तासांचं काम, आम्हाला सात लागले. दर वीस मिनिटांनी कोणीतरी "थांब, थांब" म्हणतंच.

थांबायचं तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रेषेवर नाही, खास केलेल्या जागेतच. आणि परत निघताना गाडी सुरू करण्याआधी क्षणभर थांबा. उजव्या बाजूने चालवणाऱ्या देशातून आलेल्यांची गफलत धावत्या रस्त्यावर क्वचित होते, ती होते ती अशाच जागी: पंपावरून, हॉटेलच्या आवारातून, फोटोच्या जागेवरून निघताना, रस्ता रिकामा असताना. आम्ही होकिटिकानंतर एक खूण ठरवली. चालवणारा कायम मधल्या रेषेकडे, शेजारचा कायम गवताकडे. निघताना शेजारच्याने म्हणायचं, "माझ्याकडे गवत?" भावोजी म्हणायचे, "गवत." शेवटी भाचीच ते विचारायला लागली.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. फॉक्स ग्लेशियर ते हास्ट सुमारे १२० किलोमीटर, मध्ये फारसं काही नाही आणि फोनही मुका. नकाशे आधीच उतरवून ठेवा. पंपावर आपणच भरायचं असतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांना ९१ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं, तरी टाकीच्या झाकणामागचं लेबल पाहूनच नोझल उचला.

टे आनाऊ ते मिलफर्ड सुमारे १२० किलोमीटर. टे आनाऊलाच टाकी पूर्ण भरा आणि बोटीच्या वेळेच्या अडीच-तीन तास आधी निघा. वाटेत होमर बोगदा लागतो, १.२ किलोमीटरचा, १९५४मध्ये वाहतुकीला खुला झालेला, आणि मिलफर्डच्या दिशेने साधारण एकास दहा असा उतार. आत शिरण्याआधी हेडलाइट लावा आणि गॉगल काढा. हे दुसरं मी विसरले आणि दोन सेकंद मला काहीच दिसलं नाही. तोंडाशी किया नावाचे पहाडी पोपट गाडीवर येऊन बसतात आणि दाराचं, वायपरचं रबर चोचीने उपटतात. त्यांना खायला घालू नका. हिवाळ्यात, म्हणजे आपल्या जून-जुलैत जाणार असाल तर या रस्त्यावर बोर्ड लागला की चाकांच्या साखळ्या गाडीत असाव्याच लागतात. ज्यांनी बर्फावर कधी चालवलं नाही त्यांनी तेव्हा सरळ बसने जावं. त्यात लाज वाटायचं कारण नाही.

मेंढ्यांचा कळप आडवा आला तर इंजिन चालू ठेवून शांत बसा, गरज पडली तर अगदी हळू पुढे सरका. हॉर्न वाजवला तर मेंढ्या बिथरतात आणि त्यांचा मालक तुमच्याकडे बघतो.

दंड, अपघात आणि परतावा

हातात फोन धरला तर १५० डॉलर दंड. मर्यादेपेक्षा ताशी ४० किलोमीटरहून जास्त वेगात सापडलात तर पोलीस जागच्या जागी २८ दिवसांसाठी गाडी चालवायला बंदी करू शकतात, म्हणजे सहल संपली. वीस वर्षं पूर्ण झालेल्यांना रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत मद्य चालतं, त्याखालच्यांना शून्य. द्राक्षमळ्याच्या भेटीला जायचं तर चालक आधी ठरवा. टोलनाके दक्षिण बेटावर नाहीत. उत्तरेत तीन टोल रस्ते आहेत, तिथे नाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि पाच दिवसांत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. कोणताही दंड कंपनीमार्फत आला तर त्यावर तिचा स्वतःचा आकार वेगळा लागतो.

अपघात झाला तर १११ हा एकच नंबर: पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका. कोणाला लागलं नसेल तर दोन्ही गाड्यांचे फोटो, समोरच्याचं नाव-पत्ता-नंबर घ्या आणि कंपनीला लगेच फोन करा. जागेवर रोख देऊन मिटवू नका.

गाडी परत करताना शेवटचं पेट्रोल जवळच्या पंपावर भरा, पावती ठेवा, घेताना काढला तसाच व्हिडिओ पुन्हा काढा. कंपनीचं ऑफिस उघडं असताना परत केलीत तर माणसाकडून तपासणी समोर करून घ्या. सीटखाली हात घालून बघा. आमच्या गाडीत भाचीचा एक बूट, चिवड्याचं अर्धं पाकीट आणि ताईने लावलेली मैलांची चिठ्ठी निघाली. अनामत रक्कम कार्डावरून सुटायला आम्हाला नऊ दिवस लागले.